मोबाइलच्या मोहल्ल्यात बुजुर्गांची गरज

रमजान जवळ आला की ठाणे, मुंब्रा, कल्याण परिसरातल्या मुस्लिम घरांत एक गमतीची अदलाबदल दिसते. कॉलेजात जाणारी मुले महिन्यापुरते इन्स्टाग्राम काढून टाकतात. पोटाबरोबर डोळ्यांचाही रोजा हवा, असे ती म्हणतात. त्याच घरातले दादाजान किंवा नानी अकरा महिने मोबाइलला ‘फितना’, म्हणजे माणसाला भरकटवणारी आपत्ती, म्हणून नावे ठेवत असतात. सहेरीची वेळ यात कुठे दिसते, असे ते या महिन्यात नातवाला हळूच विचारतात. सहेरीच्या वेळेपासून सुरू झालेली ही ओळख ईदपर्यंत घरच्या ग्रुपवर, कुरआन पठणाच्या चित्रफितींवर आणि दूर गेलेल्या नातलगांच्या व्हिडिओ कॉलवर येऊन पोचते.

या पिढीचे समाजमाध्यमांवर येणे उशिराचे आहे आणि बरेचसे नाइलाजाचे आहे. त्यावर विनोद पुष्कळ होतात. ‘जुम्मा मुबारक’च्या चित्रांवर, गुलाबाच्या फुलांवर, चुकून लागलेल्या व्हिडिओ कॉलवर घरातली मुले हसतात. पण या माणसांना मोबाइलने काय दिले आणि ही माणसे मोबाइलला काय देऊ शकतात, याचा विचार फारसा होत नाही. रमजान हा स्वतःच्या सवयी तपासून पाहण्याचा महिना आहे. तेव्हा या सवयीचाही हिशेब याच महिन्यात व्हावा.

आधी त्यांची नाखुशी समजून घ्यायला हवी. ती अडाणीपणातून आलेली नाही. नव्या साधनाकडे उलमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, आधी सावधपणे पाहायचे आणि पुढे त्याचा उपयोग पटला की ते स्वीकारायचे, हा क्रम जुना आहे. तारेने किंवा टेलिफोनवरून आलेली चाँदची खबर ग्राह्य धरावी का, यावर वाद झाले. नमाजमध्ये लाउडस्पीकर चालेल का, हाही एके काळी गंभीर प्रश्न होता. पुढे तोच लाउडस्पीकर मशिदीची ओळख बनला. छायाचित्राबद्दलचा आक्षेप तर अजून पुरता मिटलेला नाही. स्वतःचे आणि कुटुंबीयांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकणे इस्लामला धरून नाही, असा फतवा देवबंदच्या दारुल उलूमने ऑक्टोबर २०१७ मध्ये दिला होता. फतवा हे विचारलेल्या प्रश्नावरचे धार्मिक मत असते, तो सरकारी हुकूम नसतो. तरीही असे मत ऐकून वाढलेल्या माणसाचा हात फोनच्या कॅमेऱ्याकडे सहज जात नाही.

दुसरे कारण भीतीचे आहे आणि ते याच परिसरातले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या ‘लाइक’ केल्या. पालघरमध्ये दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. या प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६ अ चा आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. पण आईबापांच्या मनात राहिली ती अटक. न्यायालयाचा निकाल फार थोड्या घरांत पोचला.

त्यानंतर मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्यासोबत इराकला गेले आणि तिथून ‘इसिस’कडे वळले. शिकलेली मुले इंटरनेटवरच्या प्रचाराला बळी पडू शकतात, हे पाहून कल्याणच काय, मुंब्रा आणि भिवंडीतल्या घरांचीही झोप उडाली. मुलाच्या हातातला फोन हा बापाच्या काळजीचा विषय झाला. पुढे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने मारून टाकले. अशा अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. हे सारे पाहिलेल्या माणसाने ‘हे यंत्र घरात नको’ म्हटले, तर त्याला मागासलेला म्हणता येत नाही.

मग २०२० साल आले. २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि बरोबर एका महिन्याने, २५ एप्रिलला, पहिला रोजा आला. मशिदी बंद होत्या. तरावीह, म्हणजे रमजानच्या रात्रींची विशेष नमाज, घरातल्या बाहेरच्या खोलीत चादर अंथरून पढली गेली. मोबाइलवर दिसणाऱ्या इमामामागे उभे राहून नमाज होत नाही, हे उलमांनी स्पष्ट केले होते. पण प्रवचन ऐकायला, कुरआनचा अर्थ समजून घ्यायला, मौलानांना शंका विचारायला अडचण नव्हती. राज्यातली प्रार्थनास्थळे उघडली ती १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला. पुढचा, २०२१ चा रमजानही निर्बंधांतच गेला. ज्यांची सारी ऊठबस मशीद, चहाचे हॉटेल आणि नाक्यावरचा बाकडा एवढ्यातच होती, त्या माणसांसमोर त्या दोन वर्षांत मोबाइलशिवाय दुसरा नाका उरला नाही.

तिथे त्यांना जे सापडले, त्याची त्यांनी अपेक्षा केली नव्हती. कोकणी मुस्लिम घरांचेच उदाहरण घ्यावे. रत्नागिरी आणि रायगडच्या गावांतून आलेली ही कुटुंबे ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात स्थिरावली. त्यांची मुले कुवेत, कतार, दुबईला कामाला गेली. पूर्वी ईदची खुशाली पत्राने यायची, मग एसटीडी बूथवर रांग लावून कळायची. आता वाशिष्ठीकाठच्या गावातली फुफी, कौशातला भाऊ आणि दोहातला भाचा एकाच पडद्यावर इफ्तारचे दस्तरखान दाखवतात. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांना आवाजाचा निरोप पाठवता येतो. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही, त्यांना ते मोठे करता येते. म्हातारपणी कमी झालेली माणसांची ये-जा अशी थोडी भरून निघते.

मुंब्र्याच्या बाबतीत हा लाभ आणखी खोल आहे. मुंब्रा आजच्यासारखे दाट झाले ते १९९२-९३ च्या दंगलींनंतर. मुंबईतल्या संमिश्र वस्त्यांमधली अनेक मुस्लिम कुटुंबे खाडी ओलांडून डोंगराच्या पायथ्याशी राहायला आली. इथे घर मिळाले, पण जुना शेजार तुटला. ज्या काकूंकडे ईदचा शीरखुर्मा जायचा आणि ज्यांच्याकडून दिवाळीचा फराळ यायचा, त्या काकू डोंबिवलीला गेल्या की बदलापूरला, हेही कळेनासे झाले. शाळेच्या जुन्या तुकडीचा ग्रुप होतो, चाळीच्या नावाने कुणीतरी फेसबुकवर पान काढते आणि तीस वर्षांपूर्वीची नावे पुन्हा समोर येतात. मुंब्रा ते डोंबिवली हे अंतर लोकलने काही मिनिटांचे आहे. ओळखींच्या हिशेबात ते फार लांब गेले होते. ते जवळ आणायला तरुण पिढी उपयोगाची नाही, कारण तिने तो शेजार पाहिलेलाच नाही. ती आठवण ज्येष्ठांकडेच आहे.

बायकांचा अनुभव वेगळा सांगायला हवा. इथल्या अनेक मशिदींत स्त्रियांसाठी नमाजची वेगळी जागा नाही. त्यामुळे प्रवचन, कुरआनचा तपशीलवार अर्थ, वारसाहक्क आणि मेहरचे मसले हे त्यांच्यापर्यंत नवऱ्याने किंवा भावाने सांगितले तेवढेच पोचत होते. आता स्वयंपाक करता करता त्या स्वतः ऐकतात आणि दोन मौलानांची मते वेगळी असू शकतात, हेही त्यांना कळते. ज्यांच्या हाताला चव आहे, त्या रमजानमध्ये समोसे, रोल, शामी कबाब करून घरूनच विकतात. मालाचा फोटो स्टेटसवर ठेवला की इमारतीतून आणि शेजारच्या गल्लीतून मागणी येते. दुकान नाही, भाडे नाही, दलाल नाही. परदा पाळणाऱ्या बाईला उंबरठा न ओलांडता चार पैसे स्वतःचे म्हणून मिळतात. ‘फोनने बायका बिघडतात’ म्हणणाऱ्या घरांनाही ही कमाई नकोशी झालेली नाही.

संकटात तर या साधनाची किंमत सर्वांनीच पाहिली. २०२० च्या पावसाळ्यात भिवंडीच्या शांतीनगर भागातल्या मक्का मशिदीत गरजू रुग्णांसाठी मोफत ऑक्सिजनची सोय केली गेली होती. असा पत्ता आणि असा फोन नंबर रात्री दोन वाजता घरच्या माणसाच्या हातात असणे, म्हणजे काय, हे त्या दिवसांत ज्यांनी रुग्णालयांच्या पायऱ्या झिजवल्या त्यांना सांगावे लागत नाही. रक्ताची गरज, हरवलेले मूल, रिकामा झालेला ऑक्सिजन सिलिंडर, कफनदफनसाठी लागणारी माणसे: यातले प्रत्येक काम एका निरोपाने झाले आहे.

अजानचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. एप्रिल २०२२ मध्ये भोंग्यांचा वाद पेटला. ठाण्यातल्या १२ एप्रिलच्या सभेत राज ठाकरे यांनी ३ मेपर्यंतची मुदत दिली आणि त्या वर्षी ईद नेमकी ३ मेलाच आली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे म्हटले. त्याच वर्षी माहीमच्या जुम्मा मशिदीसह मुंबईतल्या काही मशिदींनी तमिळनाडूत तयार झालेल्या ॲपवरून अजान थेट मोबाइलवर पोचवायला सुरुवात केली. ज्या यंत्राला बुजुर्गांनी फितना म्हटले, त्याच यंत्रातून त्यांच्या मशिदीची अजान त्यांच्या उशाशी येण्याची सोय झाली.

एवढे फायदे सांगितल्यावर तोटे नाकारायचे कारण नाही. २०२० च्या त्याच वसंतात तबलिगी जमातच्या दिल्लीतल्या मेळाव्यावरून साऱ्या समाजाला साथीसाठी जबाबदार धरणारे संदेश देशभर फिरत होते. भाजी विकणाऱ्या गरीब माणसालाही त्याची झळ बसली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी जमातच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचे निरीक्षण नोंदवले. पण खोटे घरोघरी पोचून चार महिने झाले होते. त्या चार महिन्यांत ज्यांच्याकडे फोन नव्हता, तेही त्या खोट्यापासून वाचले नाहीत. समाजमाध्यमांपासून दूर राहिल्याने त्यांचा त्रास टळत नाही. आपल्याबद्दल काय बोलले जाते आहे, एवढेच फक्त कळत नाही आणि उत्तर द्यायची जागा रिकामी राहते.

तेव्हा यावे का, हा प्रश्न संपला आहे. कसे यावे, हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर रमजानच्या चाँदमध्येच आहे. शाबान महिन्याच्या २९ तारखेला संध्याकाळी माणसे गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे बघतात. पण कुणी ‘दिसला’ म्हणून ओरडले, तेवढ्याने रोजे सुरू होत नाहीत. पाहणारा कोण, विश्वासाचा आहे का, कुठून पाहिला, सोबत आणखी कोण होते, याची विचारणा चाँद समितीचे उलमा करतात. साक्ष पटली तरच एलान होतो. जो समाज ऐकीव चाँदवर रोजा धरत नाही आणि ऐकीव चाँदवर ईदही करत नाही, तोच समाज मोबाइलवरच्या ऐकीव बातमीवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवतो, ही विसंगती आहे.

खरे तर तहकीक, म्हणजे बातमीची शहानिशा, हा मुस्लिम ज्ञानपरंपरेचा कणा आहे. प्रेषित मुहंमद (स.) यांची वचने जमवणाऱ्या इमाम बुखारींसारख्या विद्वानांनी अकराशे-बाराशे वर्षांपूर्वी प्रत्येक वचनामागची सांगणाऱ्यांची साखळी तपासली. कुणी कुणाकडून ऐकले, ते दोघे एका काळातले होते का, सांगणाऱ्याची स्मरणशक्ती आणि चारित्र्य कसे होते, हे पाहूनच वचन स्वीकारले. साखळी तुटली की वचनाचे वजन कमी झाले. ‘जसे आले तसे पुढे पाठवले’ ही ओळ या परंपरेच्या नेमकी उलट आहे. कुरआनच्या हुजुरात या अध्यायात, बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी खात्री करा, नाहीतर नकळत कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल, असा इशारा आहे. त्याच अध्यायात पाठीमागे निंदा करणे हे मेलेल्या भावाचे मांस खाण्यासारखे किळसवाणे ठरवले आहे. ऐकलेले सारे पुढे सांगत सुटणे हेच माणूस खोटारडा ठरायला पुरेसे आहे, अशा अर्थाचे प्रेषितवचनही प्रसिद्ध आहे.

ज्येष्ठ मंडळीच सर्वांत जास्त फॉरवर्ड करतात, मग त्यांच्याकडून ही अपेक्षा कशी करायची, असे कुणी म्हणेल. आक्षेप खोटा नाही. पण त्याचे कारण पाहावे. ही पिढी छापील अक्षराचा आदर करत मोठी झाली. पडद्यावरचे अक्षरही तिला छापील वाटते. ही बाजारगप्पांसारखीच एक गप्प आहे, कुणीही उठून लिहू शकतो, एवढे एकदा समजावून दिले की आयुष्यभर माणसे पारखलेला हा वर्ग पटकन सावध होतो. संदेशाच्या डोक्यावर दोन बाण दिसले तर तो अनेक हातांतून आला आहे, असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा व्हॉट्सॲपने एप्रिल २०२० मध्ये घातली, ही माहिती घरातल्या मुलांनी द्यावी. मग ग्रुपवर कुणी भडक चित्रफीत टाकली की दादाजानांनी तीनच प्रश्न विचारावेत: कुठले आहे, कधीचे आहे, स्वतः कुणी पाहिले? हेच प्रश्न विशीतल्या मुलाने विचारले तर त्याला गप्प बसवले जाते. पांढऱ्या दाढीच्या माणसाने विचारले तर ग्रुप थबकतो. मोहल्ल्यातल्या भांडणात ज्या माणसाच्या शब्दाला वजन आहे, त्याची मोबाइलच्या मोहल्ल्यातही तेवढीच गरज आहे. ग्रुप चालवण्याची जबाबदारी घ्यायला अनेक जण घाबरतात. केवळ ॲडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी त्याला दोषी धरता येत नाही, असे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे.

दानाच्या बाबतीतही बुजुर्गांचा शब्द हवा. निसाब, म्हणजे ठरलेल्या मर्यादेइतकी किंवा त्याहून जास्त संपत्ती वर्षभर बाळगणाऱ्याने तिचा अडीच टक्के भाग जकात म्हणून द्यायचा असतो आणि बहुतेक लोक तो रमजानमध्ये काढतात. फितरा ईदच्या नमाजआधी पोचवायचा असतो. हे पैसे आता क्यूआर कोडवर मागितले जातात. खरे गरजू त्यात आहेत आणि भामटेही आहेत. अनोळखी आवाहनावर पैसे पाठवण्याआधी त्या वस्तीतल्या ओळखीच्या माणसाला एक फोन करावा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. त्याहून गंभीर गोष्ट आहे ती फोटोंची. रेशनची पिशवी घेताना मान खाली घातलेली विधवा आणि तिच्याभोवती हसरे चेहरे, असे फोटो रमजानमध्ये ढिगाने फिरतात. उजव्या हाताने दिलेले डाव्या हातालाही कळू नये, ही प्रेषितांची शिकवण आहे. फोटो टाकणारे कार्यकर्ते बहुधा चांगल्या मनाचे असतात. देणगीदारांना हिशेब हवा असतो. हिशेब आकड्यांत द्यावा, पावत्यांत द्यावा. कुणाच्या गरिबीचा चेहरा त्यासाठी वापरू नये. हे समितीच्या ग्रुपवर ठणकावून सांगायला वडीलधारा माणूस लागतो.

रमजानच्या रात्री इबादतीच्या आहेत, त्या पडद्यात वाया जातात, ही तक्रारही खरी आहे. रोज्याचे मर्म संयमात आहे. जेवण वर्ज्य नाही, त्याची वेळ ठरलेली आहे. तसेच फोनचे करता येईल. इफ्तारनंतर अर्धा तास नातलगांसाठी, सहेरीच्या वेळी काही मिनिटे कामाच्या निरोपांसाठी, एरवी फोन बाजूला. भूक आवरणाऱ्या माणसाला अंगठा आवरणे अशक्य नाही.

मशीद समित्यांनी यात पुढाकार घ्यावा. असरच्या नमाजनंतर इफ्तारपर्यंत बरीच ज्येष्ठ मंडळी मशिदीतच बसलेली असतात. त्या वेळात आठवड्यातून दोनदा मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलांनी त्यांना फोन शिकवावा: अक्षर मोठे कसे करायचे, अनोळखी दुवा का उघडायचा नाही, ओटीपी कुणाला सांगायचा नाही, जुनी चित्रफीत कशी ओळखायची. बायकांसाठी हेच काम एखाद्या घरात किंवा शाळेच्या वर्गात मुलींनी करावे. शिकवणाऱ्यांनी हसू नये आणि शिकणाऱ्यांनी लाजू नये. फोन चालवायला नातू शिकवेल. त्यावर कुठे बोलायचे, कुठे विचारायचे आणि कुठे गप्प राहायचे, हे नातवाला दादाजान आणि नानींकडूनच शिकावे लागेल. या रमजानमध्ये दोघांनीही ती शिकवणी सुरू करावी.